हळद पिवळी राहिली पाहिजे

आमच्या शेजारच्या मंगलवहिनींच्या बोटांवरच्या रेषा मी घालवल्या. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला ते कळलेलं आहे असं मला वाटतं, पण आमच्यात तो विषय कधी निघाला नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी मला वेगळं लिहायला सांगितलं होतं. त्या कधीकाळी माझ्या वर्गाला येऊन गेल्या होत्या. म्हणाल्या, "घरच्या घरी कपड्यांची पावडर आणि भांड्यांचं लिक्विड करायला तुम्ही एवढ्या बायकांना शिकवलंत, संसाराचे चार पैसे वाचवलेत. त्यातल्या गमतीजमती लिहा." गमतीजमती आहेत, लिहितोही. पण दोन वेळा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा गाडी वहिनींच्या हातांपाशी येऊन थांबली. तेव्हा ठरवलं, आधी तेच लिहायचं.

मी शिवडीला एका साबणाच्या कारखान्यात मिक्सिंगला होतो. कारखाना मुंबईबाहेर गेला तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून मी गेलो नाही. हातात दुसरं कसब नव्हतं. लालबागच्या आमच्या चाळीत मंडळाची एक खोली आहे. गणपती सोडले तर तिथे कॅरम आणि जुन्या सजावटीचा थर्माकोल. मंडळाच्या पोरांनी खोली रिकामी करून दिली आणि मी वर्ग सुरू केला. पाटी लावली, 'घरगुती साबण – शिका आणि वाचवा.'

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कपड्यांची पावडर सोपी. धुण्याचा सोडा, थोडं मीठ आणि स्लरी नावाचं एक दाट, काळपट तपकिरी आम्ल. दिसायला काकवीसारखं, पण बोट लावलंत तर चांगलंच चावतं. हे सगळं चाळून, चोळून, पसरून वाळवायचं. भांड्यांचं लिक्विड मात्र नाजूक काम. त्यात तीच स्लरी, आणि तिचं आम्लपण मारायला कॉस्टिक. कॉस्टिक म्हणजे तिच्या दुसऱ्या टोकाचं जहाल. दोघांची ताकद बरोबर सारखी झाली की दोघंही निवतात आणि त्यांचा साबण होतो. एकाची ताकद उरली तर ते उरलेलं काम करतंच. भांड्यावर करतं, आणि भांडं धरणाऱ्या हातावरही करतं.

पहिला नियम असा की कॉस्टिक पाण्यात सोडायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. उसळून अंगावर येतं. बायकांच्या लक्षात राहावं म्हणून मी म्हणायचो, "सून घरात येते, घर सुनेकडे जात नाही, तसं."

तर मागच्या रांगेतून आवाज आला, "आमच्याकडे सून आली आणि अख्खं घरच तिच्याकडे गेलं, भावजी. कांदिवलीला."

खोलीभर हसू. आणि त्या हसण्यात तो नियम कायमचा बसला.

दुसरा नियम हळदीचा. कारखान्यात आम्ल-क्षार बघायला कागदाच्या पट्ट्या असत. त्या चाळीत कुठून आणायच्या? पण हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो हे आपल्याकडच्या कुठल्या बाईला शिकवावं लागत नाही. तोच डाग माझ्या कामाला आला. जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडायच्या, दाट हळदीच्या पाण्यात बुडवायच्या आणि सावलीत वाळवायच्या. लिक्विड तयार झालं की एक पट्टी त्यात बुडवून बघायची. कपड्यांच्या पावडरीत ती लाल होणारच, तिथे सोडा असतो. भांड्यांच्या लिक्विडमध्ये मात्र पिवळी राहिली पाहिजे. लाल झाली तर कॉस्टिक उरलंय, थोडी स्लरी सोडा, ढवळा, पुन्हा बघा. पिवळी राहीपर्यंत बाटली भरायची नाही.

"हळद पिवळी राहिली पाहिजे" हे मी इतक्यांदा म्हटलं असेन की जिन्यात भेटलेली बाईसुद्धा नमस्काराऐवजी विचारायची, "काय भावजी, पिवळी ना?" आमच्या खोलीबाहेर गॅलरीच्या दोरीवर त्या पट्ट्या कायम वाळत असायच्या. नव्या माणसाला वाटे, आमच्याकडे कुणाचं तरी लग्न आहे.

शिकवता शिकवता मी स्वतः बनवलेलं विकूही लागलो. गिऱ्हाइकंही एकेक. खोताच्या वाडीतल्या एक म्हाताऱ्या बाई यायच्या, फ्रॉक घालणाऱ्या, मराठी आमच्यापेक्षा खणखणीत. त्यांना फेस नको असायचा. "फेस कशाला रे? नळाला पाणी अर्धा तास, त्यातलं निम्मं फेस धुण्यात जातं." त्या एकट्याच बरोबर होत्या. फेसाने भांडं निघत नाही. फेस डोळ्यांच्या समाधानासाठी असतो. पण बाकी सगळ्यांना फेस नाही तर साबण नाही. तसाच दाटपणा. लिक्विड दाट केलं की लोकांना ते भारी वाटतं, आणि दाट करायला लागतं नुसतं मीठ. तेही एका हद्दीपर्यंत. हद्द ओलांडली की दाट झालेलं पुन्हा पाण्यासारखं पातळ होतं. माझी आई खाटेवरून ऐकत असायची. एकदा म्हणाली, "आमटीत मीठ जास्त झाला तर बटाटो घालतत. हेच्यात काय घालतलंस?" ती बादली मी मोरीत ओतली.

तेव्हा चुकलेली बादली मी मोरीत ओतत असे, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

मंगलवहिनी आमच्यापासून दोन खोल्या सोडून राहतात. नवरा माझगाव गोदीत कामाला होता, तो गेल्यावर त्यांनी परळच्या टॉवरांमधली भांड्यांची कामं धरली. मुलगी पल्लवी तेव्हा शाळेत. वहिनी वर्गाला आल्या नाहीत, त्यांना वेळच नव्हता. पण माझं लिक्विड सर्वांत आधी त्यांनी उचललं आणि आपण होऊन कामाच्या घरांतही नेलं. "बाई, हे आमच्या भावजींचं. घरचं आहे," असं सांगून त्यांनी एकेक घर मला जोडून दिलं. मी म्हटलं, वहिनी, तुम्हाला काहीतरी देतो त्याचं. त्या म्हणाल्या, "द्या की. पल्लवीला गणितात बसवा जरा." मी बसवलं. गणित तिला आलं नाही, वाचनाचा नाद मात्र लागला.

मग दादरचा खानावळवाला आला. सुरमई तळण्यात सगळी हयात गेलेला माणूस. पिंपं भरून माल घेणारं हे माझं पहिलं गिऱ्हाईक. पंधरवड्यातच त्याने पिंप परत आणून दाराशी ठेवलं.

"शेठ, फेस बक्कळ आहे. पण माझ्या कढईचं तेल तुमच्या फेसाला हसतंय."

मी म्हटलं, जरा गरम पाणी वापरा.

"गरम पाण्याने निघत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? कडक पाहिजे. कडक बनवा, नाहीतर राहू द्या."

जळकं तेल कशाने निघतं हे मला कळत होतं. पुढच्या पिंपात कॉस्टिक थोडं वर टाकलं. पट्टी बुडवली, ती नारिंगी झाली. लाल नाही, नारिंगी. मी स्वतःला म्हटलं, लाल कुठे झालीय? आणि पिंप भरलं.

खानावळवाला खूश. त्याच पिंपातलं चाळीतही गेलं, कारण वेगवेगळी दोन पिंपं करायला जागाही नव्हती आणि हुरूपही नव्हता. चाळही खूश. महाप्रसादाची टोपं मंडळाच्या पोरांनी एका हाताने घासली. "काकांचं लिक्विड म्हणजे एकदम कडक!" आपल्याकडे कडक हा शब्द चहाला लावतात, इस्त्रीला लावतात, नटीलाही लावतात. सगळीकडे तो शाबासकीचाच. मला आयुष्यात शाबासकी फार मिळालेली नव्हती. पुढच्या पिंपात मी आणखी थोडं वर गेलो. पट्टी लाल झाली. त्यानंतर मी पट्टी बुडवणंच सोडलं.

बायकोने, मीनाने, एकदा विचारलं, "अहो, दोरीवर पट्ट्या दिसत नाहीत हल्ली?"

"हाताला अंदाज आलाय," मी म्हटलं.

कारागीर माणूस खोटं बोलायला लागला की हेच वाक्य वापरतो. वर्गातल्या बायकांनाही मी तेच वाढीव माप दिलं. कुणी विचारलं, "भावजी, पट्टी?" तर म्हणायचो, "या मापाला पट्टी लागत नाही."

वहिनींचे हात मला दिसत नव्हते असं नाही. एका गॅलरीत राहणाऱ्या माणसांना एकमेकांचं सगळं दिसतं. आधी बोटांची टोकं गुळगुळीत आणि गुलाबी झाली. मग पेरांवर भेगा पडल्या. वहिनी रात्री खोबरेल लावून हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून झोपायच्या, असं पल्लवीने मीनाला सांगितलं. एके दिवशी नळावर वहिनी स्वतःच म्हणाल्या,

"डॉक्टरकडे जाऊन आले, भावजी. म्हणाले, कडक साबण अजिबात वापरायचा नाय. तेव्हापासून बाजारातलं काही हातात धरत नाय मी. कामाच्या घरीही सांगून टाकलंय. जे काय घासायचं ते फक्त तुमच्याने."

हातातली बादली मी खाली ठेवली. तेव्हाच सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. नळावर रांग होती, मागून कुणीतरी ओरडलं, "गप्पा घरी मारा हो!" आणि मी बादली भरून वर आलो. त्या रांगेचं निमित्त मी पुढे बराच काळ स्वतःला सांगत राहिलो. पण जिन्यात रांग नव्हती. गॅलरीतही नव्हती.

त्यानंतरही पिंपं तशीच भरत राहिलो. खानावळवाल्याने आपल्या भावालाही माझ्याकडे आणलं होतं. वहिनींच्या हातांचं कारण दुसरं काहीतरी असेल, पाणी असेल, वय असेल, असं मला वाटत होतं. म्हणजे तसं वाटून घ्यायला मला बरं पडत होतं.

पल्लवीचं लग्न ठरलं. हळद चाळीच्या गॅलरीतच. पाटावर पोर बसलेली, पिवळ्या साडीत. बायकांची गाणी चाललेली. मी खुर्च्या लावत होतो. वहिनी कुठे दिसेनात, तर त्या मोरीवर नाश्त्याच्या बशा घासत बसलेल्या. बायका ओरडल्या, "अगो मंगल, आज तरी बस की! तुझ्या पोरीची हळद नि तू भांड्याला?" त्या लगबगीने उठल्या, हात पदराला पुसत आल्या, वाटीतली हळद दोन्ही तळव्यांना घेतली आणि पल्लवीच्या गालांना लावली.

हात बाजूला केले तर गालांवरची हळद लाल.

सगळ्या पुढे झुकल्या. मग कुणीतरी म्हणालं, "बघा गो! हळदीचं कुंकू झालं!" दुसरीने हात जोडले, "देवीने कौल दिला. अहेवपण मोठं आहे पोरीचं." वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या तशाच उभ्या, हात समोर धरून, जणू हातात काही ठेवलंय. मला त्यांचे तळवे दिसत होते. वरवरची हळद गालांना लागून गेली होती, भेगांत उरलेली लाल. एकेक भेग लाल शाईने आखल्यासारखी. कातडीच्या आत जाऊन बसलेलं माझं कॉस्टिक पदराला पुसून जाणारं नव्हतं.

माझी पट्टी माझ्यासमोर उभी होती.

मीनाने माझ्याकडे पाहिलं. मग तिने ओला टॉवेल आणला, "गाल चुरचुरतील गो पोरीचे, उन्हाने लाल झालेत," असं काहीतरी म्हणत पल्लवीचा चेहरा पुसून काढला, आणि वहिनींना म्हणाली, "चला, तुमचे हात धुवून देते." नळ सोडून ती त्यांचे हात किती तरी वेळ नुसत्या पाण्याखाली धरून उभी होती. मी खुर्च्या लावत राहिलो.

दुसऱ्या दिवशी उरलेलं पिंप मोरीत ओतलं. दोरीवर पुन्हा पट्ट्या आल्या. नवं लिक्विड पिवळ्या पट्टीचं निघालं. गिऱ्हाइकांची कुरकुर सुरू झाली, "पूर्वीसारखं कडक राहिलं नाय हो काका." मी म्हणायचो, "स्लरी तशी येत नाही आता." हेही खोटंच. खानावळवाला गेला, भावालाही घेऊन गेला. हळूहळू पिंपंही थांबली. वर्ग मात्र चालू आहे, आणि पट्टी दाखवल्याशिवाय आता कुणाला उठू देत नाही.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. चूक केली, सुधारली, असं म्हणता आलं असतं. पण रेशन दुकानात आता अंगठा लागतो.

पल्लवी सासरी गेली, तिचं नाव कार्डावरून उतरलं. वहिनी एकट्या राहिल्या, म्हणजे कार्डावर अंगठा एकच. एका सकाळी मी रांगेत त्यांच्या मागेच होतो. दुकानदार चांगला माणूस आहे. त्याने मशीन पुढे केलं. अंगठा लागेना. दुसरं बोट, तिसरं बोट. तो म्हणाला, "मावशी, केसांना पुसा जरा, तेल लागूदे." त्यांनी अंगठा केसांना पुसला. ओल्या फडक्याला पुसला. मशीनचा तोच लाल दिवा.

"रेषाच नाय राहिल्या, मावशी. काय केलंत काय हातांचं?"

"तुझं मशीन बिघडलंय," वहिनी म्हणाल्या. "माझे हात चांगले आहेत."

मागून एक जण म्हणाला, "आजी, घासून घासून नशिबाच्या रेषापण घालवल्यात का?" लोक हसले. वहिनीही हसल्या. मग हात पाठीमागे घेतला आणि रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली.

मी त्यांना आधारच्या केंद्रात घेऊन गेलो. तिथल्या मुलीने त्यांचं एकेक बोट कापसाने पुसलं, काचेवर दाबलं, मान हलवली. शेवटी डोळ्यांच्या बाहुल्यांची खूण घेऊन काम झालं. पण दुकानातलं मशीन डोळे बघत नाही. मग मोबाईलवर आकडा येतो, तो सांगायचा, अशी काहीतरी वाट निघाली. कधी आकडा येतो, कधी येत नाही. न आलेल्या दिवशी त्या पुन्हा जातात. आणि दर वेळी आधी अंगठा लावून बघतात. दुकानदार म्हणतो, कशाला मावशी, माहितीय ना लागणार नाही. त्या म्हणतात, "लागेल रे. एक दिवस लागेल."

कातडी भरून येते असं म्हणतात. भेगा खरंच बुजल्यात. रेषा येतील की नाही मला माहीत नाही. इतक्या वर्षांच्या घासण्यात माझ्या लिक्विडचा वाटा किती आणि बाकीच्याचा किती, हेही नेमकं सांगता येणार नाही. मला एवढंच माहीत आहे की मी पट्टी लाल झालेली पाहिली होती.

केंद्रातून परत येताना वहिनी म्हणाल्या होत्या, "वय झालं भावजी, दुसरं काय. तुमचं घरचं लिक्विड होतं म्हणून एवढे तरी हात राहिले. बाजारच्याने कधीच गेले असते."

मी म्हटलं, "सांभाळून, पायरी आहे."

पल्लवी दिवाळी अंक वाचते. वाचनालयातून एकेक आणते आणि माहेरी आली की आईला त्यातलं वाचून दाखवते. हा अंकही तिच्या हाती पडेल. मुलीच्या तोंडून, छापलेल्या कागदावरून वहिनींना हे कळावं, असं होऊ देणं ही आणखी एक लबाडी होईल. म्हणून संपादकबाईंना सांगितलंय, लेख पाठवतो, पण मी कळवल्याशिवाय छापू नका. तुम्ही हे वाचत असाल तर मी वहिनींच्या दारात जाऊन आलेलो आहे.

आज लिहितोय तेव्हा गेलेलो नाही. गॅलरीत त्यांच्या भांड्यांचा आवाज येतोय. जाऊन सांगायचं ते असं: वहिनी, तुमचे हात वयाने गेले नाहीत. हळदीच्या दिवशी पोरीच्या गालावर आला तो देवीचा कौल नव्हता. माझं कॉस्टिक होतं, आणि ते जास्त पडलंय हे मला ठाऊक होतं.

त्या शकुनावर त्या इतकी वर्षं सुखात आहेत. तो त्यांच्याकडून काढून घ्यावा लागेल, आणि त्याच्या बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नाही. त्यानंतर ज्या बायकांना मी बिनपट्टीचं माप शिकवलं त्यांची दारं आहेत. लालबाग, परळ, गिरगाव. काही जणी अजून तेच माप वापरत असतील, कडक म्हणून. प्रत्येकीला पिवळी पट्टी नेऊन द्यायची आहे.

एवढं देणं आहे. पहिलं दार दोन खोल्या सोडून आहे.